चिनी सुलेखन आणि लेखकाचें शील

अक्षरावरून माणूस कळतो, असें आपल्याकडे घरोघरीं म्हणतात. मुलीसाठीं आलेल्या स्थळाचें पत्र हातीं पडलें म्हणजे मजकुराआधीं अक्षर न्याहाळणारे आजोबा मीं पाहिले आहेत. वहीवर शाईचा डाग पाडणाऱ्या मुलास "तुझ्या मनांतच घोटाळा आहे" असें बजावणारे मास्तरहि पाहिले आहेत. किंबहुना त्या मास्तरांपैकीं मीहि एक होतों. चौतीस वर्षें मीं मुलांच्या वह्या तपासल्या. ज्याचें अक्षर नीटनेटकें त्याचें मनहि नीटनेटकें असावयाचेंच, अशी त्यांतील बहुतेक काळ माझी दृढ समजूत होती. ती कशी डळमळली हें पुढें सांगणार आहें. परंतु त्याआधीं एका देशाची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें वाटतें. आपल्याकडे जी गोष्ट म्हणीपुरती राहिली, तिचें त्या देशानें रीतसर शास्त्र बनविलें, आणि त्या शास्त्राच्या खरेखोटेपणाविषयीं शतकानुशतकें वादहि केला. तो देश म्हणजे चीन.

प्रथम साधनांचा विचार करूं. कारण चिनी लोकांची ही समजूत त्यांच्या साधनांतूनच उगवली आहे. आपला बोरू टणक. त्याच्या टोंकास एकदां काप दिला कीं रेघेची जाडी बहुतेक ठरून जाते. चिनी लेखणी म्हणजे कुंचला. बांबूच्या नळीस बकरीचे, सशाचे, किंवा मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस बांधून तो करतात. केस मऊ, टोंक निमुळतें. हात दाबावा तशी रेघ रुंदावते, उचलावा तशी बारीक होते. हात थबकला तर शाई पसरते, आणि घाई झाली तर केस विस्कटून रेघेंत पांढऱ्या फटी राहतात. शाई ही काजळी व सरस एकत्र मळून केलेल्या कांडीच्या रूपानें मिळते. आपण सहाणेवर चंदन उगाळतों, तशी ती कांडी खास दगडावर थोडें थोडें पाणी घालून उगाळावी लागते. कागदांत आन्हुई प्रांतांतील श्युआन कागद प्रसिद्ध. तो एका झाडाची साल व भाताचा पेंढा यांपासून बनवितात, आणि तो शाई टीपकागदासारखी पिऊन टाकतो. कुंचला, शाई, कागद व दगड या चार वस्तूंस चिनी लोक अभ्यासिकेचीं चार रत्नें म्हणतात.

अशा साधनांनीं लिहिणाऱ्यास लपविण्यास जागा कोठून राहणार? कागदावर पडलेली रेघ खरवडून काढतां येत नाहीं, आणि चुकलेल्या रेघेवरून पुन्हा कुंचला फिरवून ती सुधारणें हें तर निषिद्धच मानिलें आहे. प्रत्येक अक्षरांत कोणती रेघ आधीं व कोणती मागून हेंहि ठरलेलें असतें. त्यामुळें हजार वर्षांपूर्वींचा कागद समोर आला तरी जाणता मनुष्य बोटानें हवेंत तीं अक्षरें गिरवून, लिहिणारा कोठें थांबला, कोठें वेगानें गेला, कोठें त्याची शाई संपली, हें जणूं डोळ्यांनीं पाहूं शकतो. गाणाराचा आवाज विरून जातो. येथें हाताची हालचाल मात्र जशीच्या तशी उरते.

शिक्षणहि तसेंच कडक असे. लहान मुलांस तांबड्या शाईनें छापलेलीं अक्षरें काळ्या शाईनें गिरवावयास देत. पुढें शिलालेखांचे ठसे समोर ठेवून जुन्या आचार्यांचें अक्षर वर्षानुवर्षें उतरवून काढावें लागे. कुंचला उभा धरावयाचा, मनगट मोकळें ठेवावयाचें, आणि टोंक रेघेच्या मधोमध चालवावयाचें. 'चिरंतन' या अर्थाच्या 'युंग' या एकाच अक्षरांत आठ प्रकारच्या मूळ रेघा आहेत. तें एक अक्षर साधावें म्हणून विद्यार्थ्यानें वहीमागून वही भरावी, अशी रीत होती.

आपल्या व त्यांच्या परंपरेंतील एक भेद येथें सांगितला पाहिजे. आपल्या पूर्वजांनीं विद्येची शुद्धि जपली ती मुखांत. स्वर, वर्ण, मात्रा यांत चूक होऊं नये म्हणून पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ यांची केवढी तटबंदी त्यांनीं उभारली! पाणिनीय शिक्षेंत जे सहा अधम पाठक सांगितले आहेत, त्यांत लिहिलेलें पाहून म्हणणाराहि एक आहे. ज्यानें पोथी पाहून म्हटलें तो आपल्याकडे कमी प्रतीचा ठरला. चीनांत याच्या उलट झालें. तेथें प्रांतोप्रांतींच्या बोली एकमेकांस कळत नसत. परंतु लिहिलेलें अक्षर सर्व देशांत एक होतें. म्हणून आपण जी परीक्षा उच्चारांत केली, ती त्यांनीं अक्षरांत केली. आपल्याकडेहि समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आणि त्यांत ओळींपासून शाई-लेखणीपर्यंत सर्व गोष्टींचा बारकाईनें विचार केला, हें खरें. तथापि अक्षरावरून शील ओळखण्याची विद्या त्यांनीं सांगितली नाहीं. अक्षर प्रयत्नानें घडवावें, एवढेंच सांगितलें.

चीनांत ही विद्या कोठून निघाली? इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास होऊन गेलेला यांग श्युंग (इ. स. पूर्वीं ५३ – इ. स. १८) या पंडितानें असा विचार मांडिला कीं, वाणी हा मनाचा ध्वनि आणि लेखन हें मनाचें चित्र, या दोहोंवरून सज्जन कोण व क्षुद्र कोण तें उघड होतें. लेखन म्हणतांना त्याच्या मनांत ग्रंथरचना होती कीं हातचें अक्षर होतें, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. परंतु पुढच्या पिढ्यांनीं तें वचन अक्षरासच लाविलें. पुढें तांग राजवटींत सरकारी अधिकारी निवडतांना चार गोष्टी पाहत: शरीराची ठेवण, वाणी, अक्षर आणि न्यायबुद्धि. अक्षर वाईट म्हणजे नोकरीचा मार्ग अडला, असा प्रकार झाला.

याच काळांतील एक प्रसंग चिनी घराघरांत सांगतात. मूत्सुंग नांवाचा तरुण सम्राट सन ८२० मध्यें गादीवर आला. राज्यकारभारापेक्षां त्यास चैनींत अधिक गोडी. त्याच्या दरबारांत ल्यू कुंगछ्वान (सन ७७८–८६५) हा नामांकित सुलेखनकार होता. एके दिवशीं सम्राटानें त्यास विचारिलें कीं, कुंचला उत्तम रीतीनें चालवावा कसा? ल्यूनें उत्तर दिलें तें असें कीं, कुंचला चालतो तो मनाच्या बळावर. मन सरळ असेल तर कुंचला सरळ राहतो. हें ऐकून सम्राटाचा चेहरा पालटला. प्रश्न बोटांचा होता, उत्तर मात्र राज्यकारभाराचें होतें, हें त्यास कळून चुकलें. कुंचल्याच्या निमित्तानें केलेली कानउघाडणी म्हणून ही गोष्ट इतिहासांत नोंदली गेली आहे. येथें एक बारीक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, तिचा पुढें उपयोग होणार आहे. ल्यूनें सम्राटाचें अक्षर पाहून त्याचें शील ओळखलें नाहीं. अक्षर सुधारूं इच्छिणाऱ्यास त्यानें स्वतःच्या मनाकडे पाहावयास लाविलें.

या मताचें सर्वांत मोठें उदाहरण म्हणून ज्याचें नांव घेतात, तो यान चेन्छिंग (सन ७०९–७८५) ल्यूच्या आधींच्या शतकांतला. सन ७५५ मध्यें आन लूशान नांवाच्या सेनापतीनें तांग सम्राटाविरुद्ध बंड केलें. उत्तरेकडील नगरांमागून नगरें बंडखोरांच्या हातीं जात असतां फिंगयुआन येथील अधिकारी यान यानें आधींच तट डागडुजी करून व धान्य सांठवून ठेविलें होतें. त्यानें ठाणें सोडिलें नाहीं. त्याचा चुलतभाऊ यान काओछिंग हा छांगशान येथें अधिकारी होता. तोहि बंडखोरांविरुद्ध उठला. सन ७५६ मध्यें छांगशान पडलें. काओछिंग आणि त्याचा मुलगा चीमिंग दोघेहि मारले गेले. दोन वर्षांनीं शोध केला तेव्हां चीमिंगचें केवळ शिर हातीं लागलें.

त्या पुतण्याच्या अंत्यविधीसाठीं यान यानें सन ७५८ मध्यें जो शोकलेख रचिला, त्याचा कच्चा खर्डा आज तायपे येथील राष्ट्रीय राजप्रासाद-संग्रहालयांत आहे. सुमारें सवादोनशें अक्षरांचा हा कागद. आरंभीं तारीख, पदव्या, नातें हें सर्व शांतपणें लिहिलेलें आहे. पुढें पुतण्याचे गुण येतात, वेढ्यांत सांपडलेल्या नगरास मदत आली नाहीं हें येतें, आणि हात बदलतो. शब्द खोडले आहेत, बाजूस नवे घातले आहेत, शाई संपत आली तरी कुंचला पुन्हा न बुडवितां तसाच ओढला आहे, अक्षरें एकांत एक गुंतत गेलीं आहेत. सुंदर लिहावें असा विचार त्या वेळीं त्याच्या मनांत असणेंच शक्य नाहीं. आणि तरी, किंबहुना त्यामुळेंच, चिनी रसिक या खर्ड्यास धांवत्या लिपींतील जगांतला दुसऱ्या क्रमांकाचा लेख मानतात. सन २०१९ च्या आरंभीं तो टोकियो येथील प्रदर्शनांत ठेविला असतां पाहणाऱ्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या.

पहिल्या क्रमांकाचा लेख वांग शीची याचा. सन ३५३ मध्यें शाओशिंगजवळील एका उपवनांत ओढ्याकांठीं जमलेल्या बेचाळीस मंडळींच्या काव्यगोष्ठीसाठीं त्यानें प्रस्तावना लिहिली. तिच्यांत 'ची' हें एकच अक्षर सुमारें वीस वेळां आलें असून प्रत्येक वेळीं त्याचें वळण निराळें आहे. मूळ कागद आज नाहीं. उत्तम नकला आहेत. तिसरा लेख कवि सू तुंगपो याचा. सन १०८२ च्या सुमारास हद्दपारींत असतां लिहिलेला. आश्चर्य असें कीं हे तिन्ही लेख कच्चे खर्डे आहेत. तिहींत खाडाखोड आहे. सम्राटांच्या आज्ञेनें शिळांवर कोरलेले निर्दोष लेख असंख्य असतां या लोकांनीं शिरोधार्य मानिले ते हे. मनुष्य लोक पाहत नसतां कसा असतो, हें त्यांस अक्षरांत पाहावयाचें होतें.

यानचा शेवटहि त्याच्या अक्षरास शोभेसा झाला. लू छी नांवाच्या प्रधानाचा त्याच्यावर रोष होता. सत्तरी उलटलेल्या यानला सन ७८३ मध्यें ली शीलिए या बंडखोराची समजूत घालण्याच्या निमित्तानें त्याच्या छावणींत धाडण्यांत आलें. बंडखोरानें त्यास आपल्याकडे ओढण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, धाक घातला. म्हातारा बधला नाहीं. शेवटीं त्यास गळा आवळून मारिलें. तेव्हांपासून यानचें रुंद खांद्यांचें, ठाम अक्षर हें राजनिष्ठेचें प्रतीक झालें, आणि चीनमधील मुलें आजहि तें गिरवितात.

आतां याच नाण्याची दुसरी बाजू. चाओ मंगफू (सन १२५४–१३२२) हा सुंग राजवंशांतील पुरुष. सन १२७९ मध्यें मोंगलांनीं सुंग राज्य बुडविलें, आणि सन १२८६ मध्यें कुबलाईखानाच्या बोलावण्यावरून चाओ त्याच्याच दरबारीं नोकरीस गेला. त्याचें अक्षर विलक्षण मोहक. साडेतीनशें वर्षांनंतर तसाच प्रसंग पुन्हा आला. सन १६४४ मध्यें मिंग राज्य बुडून मांचू लोक गादीवर बसले. थायुआन येथील फू शान (सन १६०७–१६८४) हा वैद्य व पंडित त्या वेळीं जुन्या राज्याशीं एकनिष्ठ राहिला. त्यानें आपल्या मुलानातवंडांसाठीं लिहून ठेविलेली कबुली मोठी मनोरंजक आहे. तरुणपणीं तो जुन्या आचार्यांचें अक्षर उतरवूं पाही, तें कांहीं साधेना. चाओचें अक्षर हातीं आलें तेव्हां मात्र थोडक्याच दिवसांत अस्सल वाटावें इतकें साधलें. मग त्यास लाज वाटली. सज्जनाच्या सहवासांत मनुष्य अवघडून जातो, लफंग्याशीं मात्र चटकन सलगी जुळते, तसेंच हें झालें असें त्यास वाटलें. त्यानें चाओ सोडून यान चेन्छिंगला गुरु केलें, आणि मुलांस सांगितलें कीं, अक्षर चतुर असण्यापेक्षां ओबडधोबड असलेलें बरें, गोंडस असण्यापेक्षां कुरूप असलेलें बरें. मांचू सरकारनें सत्तरी ओलांडलेल्या फू शानला सन १६७९ मध्यें परीक्षेसाठीं पेकिंगास नेलें. आजाराचें निमित्त सांगून तो परीक्षेस बसलाच नाहीं. परंतु हाच फू शान उतारवयांत चाओच्या कलेपुढें पुन्हा विस्मित झाला, आणि चाओ व त्याची चित्रकार पत्नी यांच्या असामान्यपणाची कबुली त्यानें कवितेंत दिली. डोळ्यांस जें सुंदर दिसलें तें नाकारणें त्या प्रामाणिक माणसास शेवटपर्यंत जमलें नाहीं.

येथेंच शंकेस वाव मिळतो. चाओचें अक्षर खरोखर लाचार होतें, कीं त्याची नोकरी ठाऊक असल्यामुळें तें लाचार दिसूं लागलें?

उदाहरणें पाहूं लागलों म्हणजे शंका वाढते. सुंग सम्राट हुइत्सुंग याचें अक्षर इतकें तेजस्वी कीं 'कृश सुवर्ण' या नांवानें त्याची शैली आजतागायत प्रसिद्ध आहे. एकेक रेघ तारेसारखी ताठ, कोठें डळमळ म्हणून नाहीं. आणि राज्य? सन ११२७ मध्यें शत्रूनें राजधानी घेऊन त्यास कैद करून नेलें, आणि सन ११३५ मध्यें तो उत्तरेंतच कैदेंत मेला. त्याचा प्रधान त्साय चिंग हा इतिहासांत दुष्ट प्रधान म्हणून बदनाम आहे. पण त्याचेंहि अक्षर उत्कृष्ट. सुंग काळच्या चार श्रेष्ठ सुलेखनकारांच्या नामावळींत शेवटचें नांव 'त्साय' आहे. तें मुळांत या चिंगचें होतें, आणि पुढें लोकांस लाज वाटून त्याच आडनांवाच्या त्साय श्यांग या सज्जनास त्या जागीं बसविण्यांत आलें, अशी एक परंपरा सांगते. ही परंपरा खरी असेल तर तिचा अर्थ काय? अक्षर पाहून दुष्टपणा ओळखतां आला नाहीं; दुष्टपणा कळल्यावर अक्षर नामावळींतून काढलें.

खुद्द सरकारचाहि या विद्येवर पुरता विश्वास नव्हता. सुंग काळांत, अकराव्या शतकाच्या आरंभापासून, सरकारी परीक्षांच्या उत्तरपत्रिकांवरील नांवें झांकून टाकीत. इतकेंच नव्हे, तर सर्व उत्तरपत्रिका कारकुनांकडून पुन्हा लिहवून घेत आणि त्या नकलाच परीक्षकांपुढें ठेवीत. हेतु हा कीं, परीक्षकानें उमेदवाराचें अक्षर ओळखून वशिला लावूं नये. ज्या देशानें अक्षरांत शील पाहिलें, त्याच देशानें न्याय व्हावा म्हणून अक्षर झांकून ठेविलें.

परंतु सर्वांत मार्मिक शंका काढली ती सू तुंगपो (सन १०३७–११०१) या रसिकश्रेष्ठानें. यान चेन्छिंगच्या एका लेखावर टिप्पणी लिहितांना तो म्हणतो त्याचा आशय असा: अक्षर पाहून सज्जन-दुर्जन कळतो असें लोक म्हणतात, तें खरें नसावें. चेहऱ्यावरून माणूस जोखणें जेथें योग्य नाहीं, तेथें अक्षरावरून कसें जोखावें? आणि तरी यानचें अक्षर पाहतांच तो प्रधान लू छीची निर्भर्त्सना करीत आहे, बंडखोरास दरडावीत आहे, असा तो माझ्या डोळ्यांपुढें उभा राहतो. असें कां व्हावें? याचें उत्तर म्हणून सू कुऱ्हाडीच्या चोरीची जुनी गोष्ट सुचवितो. एका माणसाची कुऱ्हाड हरवली. शेजाऱ्याच्या मुलानें ती चोरली असा त्यास संशय आला. त्या मुलाची चाल पाहावी तर चोराची, चेहरा पाहावा तर चोराचा, बोलणें ऐकावें तर चोराचें. पुढें कुऱ्हाड त्याची त्यासच सांपडली. दुसऱ्या दिवशीं तोच मुलगा समोरून गेला, तेव्हां त्याच्यांत चोराचें कांहींच दिसेना. आपण यानचें चरित्र जाणतों, म्हणून त्याच्या अक्षरांत शौर्य पाहतों, असें सूचें म्हणणें. तथापि शेवटीं तो एवढें कबूल करतो कीं, सुरेखपणा व बेढबपणा यांपलीकडे अक्षरांत कांहीं गोडी असते, आणि माणसाच्या सरळ-वांकडेपणाची पुसट चाहूल तींत लागते. पुसट चाहूल, निर्णय नव्हे.

ही कुऱ्हाडीची गोष्ट मीं वाचली त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. कारण ती माझीच गोष्ट होती.

नोकरीच्या उत्तरकाळांत एका वर्गाच्या सहलीची वर्गणी गोळा करण्याचें काम मीं दोन मुलांकडे दिलें होतें. एकाचें अक्षर मोत्यासारखें. हिशेबाची वही त्याच्याकडे. दुसऱ्याचें अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यानें घरोघर जाऊन पैसे आणावयाचे. शेवटीं रक्कम कमी भरली. वही पाहावी तर आंखीव, रेखीव, एकाहि आंकड्यावर खाडाखोड नाहीं. मीं दुसऱ्या मुलाकडे पाहिलें, आणि त्याचें खालीं घातलेलें डोकें, चुळबुळणारी बोटें, अडखळणारें बोलणें, सर्वांत मला चोर दिसला. भर वर्गांत मीं त्यास नाहीं नाहीं तें बोललों. "जसें अक्षर तसें वळण" हेंहि बोललों. दोन आठवड्यांनीं पहिल्या मुलाची आई शाळेंत आली. मुलाच्या कपाटांत पैसे सांपडले म्हणून ती बिचारी डोळे पुशीत तें पाकीट माझ्या हातीं देऊन गेली. वहींतील ते रेखीव आंकडे खोटे होते.

पुढें चौकशी करतां आणखी एक गोष्ट कळली. तो कोंबडीच्या पायांचा मुलगा मूळचा डावखुरा होता. लहानपणीं घरच्या वडील माणसांनीं व शाळेंतील आम्हां मास्तरांनीं मिळून त्यास उजव्या हातानें लिहावयास लाविलें होतें. म्हणजे ज्या अक्षरावरून मीं त्याचें शील पारखलें, तें अक्षर आमच्याच सक्तीचें फळ होतें. मीं त्याची क्षमा मागितली. परंतु एकट्यास बोलावून मागितली. दोष दिला तो चारचौघांत आणि क्षमा मागितली ती एकांतांत, हें माझ्या मनांत अजून सलतें.

महात्मा गांधींनीं आपल्या वाईट अक्षराची खंत आत्मचरित्रांत नोंदविली आहे. तें अक्षर माझ्या वर्गांत आलें असतें तर मीं त्यावर कोणता शेरा मारिला असता, याचा विचार करावयासहि मला धीर होत नाहीं. युरोपांतहि एकोणिसाव्या शतकांत मिशाँ नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूनें हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याचें शास्त्र रचिलें. पुढें शास्त्रज्ञांनीं त्याच्या कसून चांचण्या घेतल्या, तेव्हां तें टिकलें नाहीं. आपल्याकडे मात्र लग्नाच्या व नोकरीच्या बाबतींत त्याचा आधार घेणारे लोक अजून भेटतात.

मग चिनी लोकांची ही सारी परंपरा व्यर्थच समजावयाची काय? मला तसें वाटत नाहीं. ल्यू कुंगछ्वान तें वचन कोणास उद्देशून बोलला? ज्याला स्वतः लिहावयाचें होतें त्यास. फू शानची लाज कोणाविषयीं होती? स्वतःविषयीं. चाओचें अक्षर सहज साधलें याचें त्यास भय वाटलें तें आपल्या मनाचें. या परंपरेंतील जाणत्यांनीं अक्षराचा आरसा प्रथम आपल्यापुढें धरिला. तो उचलून दुसऱ्याच्या तोंडापुढें धरणाऱ्यांनीं घोटाळा केला. त्यांत मीहि एक.

ली शूथुंग (सन १८८०–१९४२) या अलीकडच्या पुरुषाचें उदाहरण देऊन हा लेख आटोपतों. तो श्रीमंत घरांतला. तोकियोस जाऊन चित्रकला शिकला, नाटकांत कामें केलीं, हांगचौ येथें चित्रकला व संगीत शिकवूं लागला. सन १९१८ मध्यें त्यानें सर्वसंगपरित्याग करून बौद्ध भिक्षूची दीक्षा घेतली आणि हुंगयी हें नांव धारण केलें. इतर कला सोडल्या, कुंचला मात्र ठेविला, तो धर्मवचनें लिहिण्यासाठीं. त्याचें पूर्वींचें अक्षर कोनदार, जोरकस. पुढें पुढें तें विरळ, शांत, कसलीहि घाई नसलेलें होत गेलें. मृत्यूच्या थोडे दिवस आधीं त्यानें दुःख व आनंद एकवटल्याचा भाव सांगणारीं चार अक्षरें लिहिलीं. त्यांत नटवेपणाचा लवलेश नाहीं. येथेंहि कुऱ्हाडीची गोष्ट विसरूं नये हें मी जाणतों. त्याचें वैराग्य ठाऊक आहे म्हणून आपणांस तें शांत दिसत असेल. परंतु चोवीस वर्षें रोज शाई उगाळून, श्वास आंवरून, एकेक रेघ ओढतांना त्या हातास जी शिस्त लागली, ती पाहणाऱ्याच्या कल्पनेवर अवलंबून नाहीं. ती त्याची स्वतःची मिळकत होती.

सन २००९ मध्यें युनेस्कोनें चिनी सुलेखनास मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, आणि सन २०१३ मध्यें चीनच्या शिक्षणखात्यानें शाळांतील सुलेखनाच्या शिक्षणासाठीं मार्गदर्शक आराखडा काढला. फोनावर व संगणकावर टंकलेखन करतां करतां तेथील सुशिक्षित लोकहि हातानें लिहितांना अक्षरें विसरूं लागले आहेत, ही त्यांची चिंता आहे. आपल्याही घरीं पोस्टाचें कार्ड नाहींसें झालें, आणि नातवंडांचें अक्षर आजोबांस परीक्षेच्या वहीखेरीज दिसत नाहीं.

म्हणून वाचकांस माझी एवढीच विनंति. घरांतील मुलांस रोज एक पान सावकाश लिहावयास लावा. डावखुऱ्यास डाव्या हातानें लिहूं द्या. आणि आपणहि त्यांच्याजवळ बसून एक पान लिहा. मी सध्यां रोज सकाळीं स्नानसंध्या झाल्यावर एक पान लिहितों. कोणत्या ओळींत मन भरकटलें तें मला कळतें. तें दुसऱ्या कोणास कळण्याची गरज नाहीं. मुलांच्या पानावर मात्र चांगलें, बरें, सुधारणा हवी, एवढाच शेरा द्यावा. त्यापलीकडचा शेरा मारण्याचा अधिकार मास्तरांस नाहीं, हें समजावयास मला चौतीस वर्षें लागलीं.